वीस हजारांची मर्यादा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगते. रात्रीचे साडेनऊ-पावणेदहा झाले असतील. जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या भाच्याचा. नोकरीला तो चाकणला असतो, पण राखीपौर्णिमेला इचलकरंजीला घरी गेला होता. म्हणाला, ‘मावशी, बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून कोल्हापूरला आणलंय. अँजिओप्लास्टी लगेच करायची म्हणताहेत. पन्नास हजार डिपॉझिट भरायचंय. माझं कार्ड चालत नाहीये.’

त्याच्या खात्यात एकतीस हजार होते, ते त्यानं भरले. उरलेल्या एकोणीस हजारांसाठी क्रेडिट कार्ड पुढे केलं. मशीननं नकाराची चिठ्ठी काढली. कार्डाची मर्यादा वीस हजारांची, आणि त्यातले सतरा हजार त्या महिन्यात आधीच वापरलेले. मी फोनवरूनच पैसे पाठवले. ते दोन मिनिटांत पोचले आणि पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. पण मला नंतर कळलं की माझ्या आधी त्यानं तीन मित्रांना फोन केले होते. मावशीकडे मागायला संकोच वाटला म्हणून. त्या खिडकीपाशी तो चाळीस मिनिटं उभा होता. आत वडील, बाहेर आई, आणि हातात न चालणारं कार्ड.

भाऊजी घरी आल्यावर आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मावशी, तू तर बँकेत कार्ड विभागात होतीस. पाच वर्षं कार्ड वापरतोय. एकदाही बिल चुकवलं नाही. दर महिन्याला सगळेच्या सगळे पैसे भरतो. तरी लिमिट वीस हजारच. बँकेला माझा एवढाही भरवसा वाटत नाही का?’

आता मी कोण, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं मी एका बँकेत नोकरी केली. शेवटची सहा वर्षं क्रेडिट कार्डांच्या विभागात. मर्यादा वाढवून द्या, म्हणून आलेले अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. एका अर्जाला फार तर तीन-चार मिनिटं मिळायची. किती अर्जांवर ‘सध्या शक्य नाही’ असा शेरा मारला, ते मोजलेलं नाही. त्या शेऱ्याच्या पलीकडे एखादा मुलगा हॉस्पिटलच्या खिडकीशी उभा असेल, असं कधी मनात आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं. समोर कागद असायचा, माणूस नसायचा.

मी भाच्याला म्हटलं, ‘तुझी पाच वर्षांची बिलं काढ. बघू या.’ ती बघितली आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण मी त्या टेबलावर असते, तर मीही त्याचा अर्ज नाकारला असता.

मंडळी, मर्यादा म्हणजे काय, ते आधी सांगते. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा मालाचं दुकान होतं. दुकानदाराची लाल कापडाची लांबट वही असे. त्यात प्रत्येक घराचं खातं. कुणाला किती उधार द्यायचं, हे वहीत लिहिलेलं नसे, ते त्याच्या डोक्यात असे. मास्तरांच्या घराला महिनाभराचं. मोसमात काम मिळणाऱ्यांना आठवड्याचं. एखाद्या घरात लग्न निघालं किंवा कुणी आजारी पडलं, तर न मागता थोडं जास्त. कारण तो गल्लीत राहत होता, त्याला सगळं दिसत होतं. मास्तरांचा पगार वाढला हे त्याला मास्तरांच्या बायकोआधी कळत असे म्हणा ना!

बँकेलाही तेच करायचं असतं. समोरच्याला किती दिलं तर परत येईल, याचा अंदाज बांधायचा. फरक एवढाच, की बँक तुमच्या गल्लीत राहत नाही. तिला तुमचे चार-पाच आकडे दिसतात. त्या आकड्यांत जे नाही, ते तिच्या लेखी घडलेलंच नाही. त्यामुळे वीस हजारांची मर्यादा म्हणजे तुमच्या प्रामाणिकपणाची किंमत नव्हे. तो एक अंदाज आहे, आणि बऱ्याचदा तो जुना झालेला असतो.

भाच्याचंच बघा. कार्ड काढलं २०१९ साली. तेव्हा तो ट्रेनी होता, हातात चौदा हजार यायचे. त्या चौदा हजारांवर बँकेनं वीस हजारांची मर्यादा ठरवली, आणि ती काही कमी म्हणता येणार नाही. पुढे तो कायम झाला, कंपनी बदलली, पगार एकेचाळीस हजारांवर गेला. पण नव्या कंपनीनं पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत काढलं होतं. म्हणजे कार्डवाल्या बँकेला त्याचा वाढलेला पगार कधी दिसलाच नाही. तिच्या दप्तरी तो अजून चौदा हजारांवरचा ट्रेनीच होता. मी विचारलं, ‘तू कळवलंस का?’ तर म्हणाला, ‘बँकेला कळत नाही का?’ नाही, बाबा. कळत नाही.

ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. भाचा पेट्रोल, किराणा, मोबाइलचं बिल, कंपनीच्या कामासाठीचा प्रवास असं सगळं कार्डावरून करत असे. महिन्याला सोळा ते अठरा हजार. पैसे मात्र वेळेवर आणि पूर्ण भरायचा. त्याच्या दृष्टीनं हा शिस्तीचा उत्तम नमुना. बँकेच्या दृष्टीनं कसं दिसतं? वीस हजार मर्यादेतले अठरा हजार वापरलेले, म्हणजे नव्वद टक्के. दर महिन्याला हा माणूस काठापर्यंत येतो. एखाद्या महिन्यात पगार लांबला तर तो पलीकडे जाईल, असं ते आकडे सांगतात.

आता यातली मेख अशी, की त्यानं पैसे भरले तरी हे नव्वद टक्के दिसतातच. कार्डाच्या बिलाची एक तारीख असते आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख त्यानंतर अठरा-वीस दिवसांनी येते. आपण लक्ष ठेवतो ते शेवटच्या तारखेवर. पण तुमच्यावर किती बाकी आहे, हा आकडा क्रेडिट माहिती कंपन्यांकडे जातो, तो बहुधा बिलाच्या सुमाराचा. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत. त्यातलं सिबिल हे नाव सर्वांना माहीत आहे. ती संस्था २००० साली स्थापन झाली आणि या सगळ्या व्यवहाराचा कायदा २००५ साली झाला. बाकीच्या तीन म्हणजे एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ३०० ते ९०० मधला जो गुण आपण ‘सिबिल स्कोअर’ म्हणून सांगतो, तो या नोंदींवरून निघतो. तेव्हा बिल निघालं अठरा हजारांचं, आणि तुम्ही ते पंधरा दिवसांनी इमानानं फेडलंत, तरी नोंद झाली ती अठरा हजारांची.

यावर उपाय इतका साधा आहे, की सांगताना संकोच वाटतो. बिल निघायच्या चार-पाच दिवस आधी थोडे पैसे भरून टाकायचे. भाच्याला मी हेच सांगितलं. महिन्याच्या मध्ये एकदा आठ हजार भर, बिलाच्या आधी पुन्हा सहा हजार. खर्च तोच, पैसे तेच, पण बिल निघेल ते चार हजारांचं. म्हणजे वीस टक्के. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत बाकी असावी, असा एक आडाखा आहे. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण बँकांच्या व्यवहारात तो चालतो. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं बँकांना ही माहिती पंधरा दिवसांनी किंवा त्याहून लवकर कळवणं बंधनकारक केलं. त्याआधी ती महिन्यानं जायची. त्यामुळे सवय सुधारली, तर ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते. बिघडली तरीही लवकरच दिसते, हे वेगळं सांगायला नको.

याच्या अगदी उलट एक गृहस्थ आमच्या सोसायटीत आहेत. त्यांनी मोठ्या हौसेनं कार्ड घेतलं आणि चांदीच्या वाट्या-ताम्हनाबरोबर गोदरेजच्या कपाटात ठेवून दिलं. सहा-सहा महिने बाहेर काढत नाहीत. ‘उधारीचा पैसा आपल्याला नको,’ म्हणतात, आणि वर तक्रार करतात की मर्यादा वाढत नाही. अहो, वाण्याकडून कधी पावशेर साखर उधार नेली नाही, तर तो तुम्हाला पोतंभर कशाच्या भरवशावर देईल? एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलं नाही, तर बँकेनं तुम्हाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. त्यांना ते सांगितलं, तेव्हापासून विजेचं बिल कार्डावरून भरतात.

भाच्याकडे परत येते. तिसरी गोष्ट त्याच्या अहवालात सापडली. या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, अशी सोय २०१७ पासून आहे. आपला अहवाल आपण बघितल्यानं गुण कमी होत नाही. ही भीती उगीचच पसरलेली आहे. भाच्यानं अहवाल मागवला, तर त्यात त्याचं दुचाकीचं कर्ज ‘चालू’ दाखवलेलं. ते त्यानं २०२२ सालीच फेडलं होतं. फायनान्सवाल्यांचं ‘काही येणे नाही’ असं पत्र घरात होतं, आरसीवरचा बोजासुद्धा उतरवला होता. पण त्यांच्या संगणकात कुणीतरी शेवटची नोंद करायची राहिली. दोन वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज बँकेला डोक्यावर दिसतंय आणि या मुलाला त्याचा पत्ता नाही!

अशी चूक असेल तर त्या माहिती कंपनीकडे किंवा ज्यांनी कर्ज दिलं त्यांच्याकडे लेखी तक्रार करायची. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायला हवी, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला. भाच्याचं काम बावीस दिवसांत झालं. तो म्हणाला, ‘मावशी, अजून नऊ दिवस लावले असते तर बरं झालं असतं.’

आणखी एक कारण होतं, ज्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तारण नसलेल्या कर्जांबाबत बँकांना लगाम लावला. कार्डाच्या शंभर रुपये बाकीमागे बँकेला पूर्वी सव्वाअकरा रुपये स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागे, ते साडेतेरा रुपये झालं. सव्वादोन रुपयांनी काय होतं, असं वाटेल. लाखो कार्डांचा हिशेब केला की होतं. त्यानंतर बँका हात आखडून मर्यादा देऊ लागल्या. तेव्हा नकार आला, तर तो प्रत्येक वेळी तुमच्यामुळेच असतो असं नाही.

मग आम्ही काय केलं? सहा महिने काहीच केलं नाही. म्हणजे अर्ज केला नाही. मध्ये-मध्ये पैसे भरण्याची सवय चालू ठेवली, आणि दुसऱ्या कुठल्याही कार्डासाठी किंवा कर्जासाठी विचारणा केली नाही. लोक इथेच घाई करतात. एका बँकेनं नाही म्हटलं की दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज टाकतात. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि चौथ्या बँकेला दिसतं, की हा माणूस दारोदार हिंडतोय. गरजवंत ग्राहकाला वाणीही जपूनच द्यायचा.

२०२५ च्या मार्चमध्ये त्याची वार्षिक पगारवाढ झाली. एप्रिलमध्ये त्यानं तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि आयकर विवरणपत्राची प्रत जोडून बँकेच्या ॲपवरून अर्ज केला. आधी फोन करून विचारलं, की या अर्जासाठी माझ्या अहवालाची नवी चौकशी होईल का. हे विचारून घ्यावं, कारण सगळ्या बँकांची पद्धत एक नसते. किती वाढवून हवं, या रकान्यात तो दोन लाख लिहायला निघाला होता. मी म्हटलं, पगार किती, खर्च किती, त्याला शोभेल असं लिही. साठ हजार लिहिलं. वीस हजारांवरून एकदम दहापट मागणारा अर्ज माझ्या टेबलावर आला की मी त्याचा खर्च वाचण्याआधी त्याची अडचण वाचायची. मागणी माफक असली, की तीन-चार मिनिटांतली दोन मिनिटं तरी त्याच्या बाजूनं जायची.

श्रोत्यांपैकी बरेच जण म्हणतील, हे पगारदारांचं झालं. ज्यांना पगाराची चिठ्ठीच नाही, त्यांनी काय करायचं? माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, ब्लाउज शिवतात. हाताखाली दोघीजणी आहेत. दिवाळीच्या आधी अस्तर, लेस, हुक असा माल एकदम भरावा लागतो. वीस वर्षं त्या भिशी चालवतात. एकदाही कुणाचा नंबर चुकला नाही, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. माझ्या मते त्यांच्याइतका उधारीला लायक माणूस आमच्या भागात नाही. पण भिशीची नोंद कुठल्याही अहवालात नसते. बँकेच्या लेखी या बाईंनी आयुष्यात कधी पैसे घेतले नाहीत आणि कधी फेडले नाहीत. त्यांचा अहवाल कोरा. कोरा अहवाल म्हणजे चांगला अहवाल नव्हे.

त्यांना मी मुदत ठेवीवरचं कार्ड घ्यायला सांगितलं. बऱ्याच बँका ते देतात. समजा तुम्ही पंचवीस हजारांची ठेव ठेवलीत, तर बँक त्या ठेवीवर आपला हक्क नोंदवते आणि तिच्या ठरावीक हिश्शाएवढी मर्यादा असलेलं कार्ड देते. ठेवीवरचं व्याज चालू राहतं, फक्त ती मधे मोडता येत नाही. मर्यादा वाढवायची असेल, तर ठेव वाढवायची. इथे कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत आणि पगाराची चिठ्ठीही नको. बाईंना प्रथम हे पटेना. ‘माझेच पैसे ठेवायचे आणि माझ्याच पैशांवर उधार घ्यायचं, मग बँक काय करते?’ अगदी बिनतोड प्रश्न! मी म्हटलं, बँक लिहून ठेवते. तुम्ही घेतलेत आणि फेडलेत, हे लिहून ठेवते. वीस वर्षांच्या भिशीचं जे कुणी लिहिलं नाही, ते इथून पुढे लिहिलं जाईल. दीड वर्षानं त्याच बँकेनं त्यांना ठेवीशिवायचं चाळीस हजारांचं कार्ड देऊ केलं. ठेव मात्र त्यांनी मोडलेली नाही. त्या म्हणाल्या, ‘असू दे, सवय झालीय.’

आता जरा कडू बोलते. मर्यादा वाढवून मागणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. एकाला मोकळी जागा हवी असते, वेळप्रसंगी उपयोगी पडेल अशी. दुसऱ्याची जुनी मर्यादा भरलेली असते आणि नवी भरायची असते. मी दोघांचे अर्ज पाहिलेत. दुसऱ्यानं अर्ज करूच नये. हिशेब सांगते. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. वर्षाचे बेचाळीस झाले. वीस हजारांची बाकी राहिली, तर महिन्याचं व्याज सातशे रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आठशे सव्वीस. तुम्ही त्या महिन्यात हजार रुपये भरलेत, तर मुद्दलातून कमी झाले एकशे चौऱ्याहत्तर! शिवाय बाकी राहिली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दुधाची पिशवी घेतलीत तरी त्या दिवसापासून व्याज. बिलावर ‘किमान देय रक्कम’ ठळक छापलेली असते, तिच्याकडे बघून हायसं वाटून घेऊ नका. ग्राहक आयोगानं २००८ साली हे व्याज तीस टक्क्यांच्या वर नसावं असं ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा तिथून आधार मिळेल, ही आशा आता नाही.

कार्डावरून रोख रक्कम काढणं तर टाळाच. त्याला बिनव्याजी मुदत नाहीच, वर शुल्क. आणि मर्यादा वाढवायचा विचार चालला असताना बँकेनं ते बघितलं, तर अर्थ एकच काढते.

कधी-कधी बँकच आपण होऊन विचारते, तुमची मर्यादा वाढवू का? तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली घालून दिलं. कमी केली तर ती कळवावी लागते. तेव्हा नको असेल, तर नको म्हणा. हवं असेल, तर हो म्हणायलाही हरकत नाही. मर्यादा तिप्पट झाली आणि खर्च तेवढाच राहिला, तर वापराचं प्रमाण आपोआप एक तृतीयांश होतं. मात्र किती मर्यादा द्यायची, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. ‘माझं लिमिट कमी का’ म्हणून लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. न विचारता वाढवली, चुकीची नोंद केली, न दिलेल्या संमतीचे पैसे लावले, अशा तक्रारी आधी बँकेकडे करायच्या आणि ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यायच्या.

आणि एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिमिट वाढवून देतो, असा फोन येतो ना, तो बहुतेक वेळा चोराचा असतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. फोनवरच्या मुलीनं त्यांचं नाव, बँकेचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर सांगितले. ‘सर, तुमची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख करतोय, एक नंबर आलाय तेवढा सांगा.’ सरांनी सांगितला. बावीस हजार गेले. बँकेनं हात वर केले, आणि नियमानं ते बरोबरच होतं. आपण होऊन तो नंबर दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, असं २०१७ च्या नियमात आहे. म्हणून कळवायला एक मिनिटही दवडायचं नाही. बँकेला फोन, आणि १९३० या क्रमांकावर फोन. सरांनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, आता काय तोंड दाखवू, म्हणत होते. हल्ली मोबाइलवर एखादी फाइल पाठवून ‘ही उघडा, अर्ज भरला जाईल’ असंही सांगतात. ती उघडायची नाही. मर्यादा वाढवायची तर बँकेच्या ॲपमधून, शाखेत जाऊन किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करून. तिकडून आलेल्या फोनवर नाही.

भाच्याचं काय झालं, ते सांगून थांबते. अर्ज केल्यावर नऊ दिवसांनी त्याला संदेश आला. साठ मागितले होते, पंचावन्न हजार मिळाले. पाच हजार का कापले, ते मी सांगू शकत नाही. कुणाच्या तरी टेबलावर तीन-चार मिनिटांत ठरलं असेल, किंवा आता टेबलही नसेल, यंत्रानंच ठरवलं असेल. त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, ‘अभिनंदन. आता महिन्याचा खर्च किती करणार?’ म्हणाला, ‘अठरा हजारच. तू दर महिन्याला विचारणार आहेस, माहितीय मला.’

त्यानं आणखी एक केलं, ते मी सांगितलेलं नव्हतं. पगारवाढीतून दर महिन्याला तीन हजारांचं आवर्ती खातं उघडलं. पासबुकावर पेन्सिलीनं ‘बाबा’ असं लिहिलंय. भाऊजींना ते दाखवलेलं नाही. ते अजून म्हणतात, त्या रात्री पोरानं कार्डानं पैसे भरले म्हणून वाचलो. भाच्यानं मला बजावून ठेवलंय, की खरं काय ते त्यांना सांगायचं नाही. त्यांच्याकडे रेडिओ नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

नमस्कार.